घरच्यांसाठी पहिलं लोकरीचं विणकाम: पुण्यात सुरुवात करताना

विणकाम शिकायचं ठरलं की बहुतेक जणी आधी दुकान गाठतात, डोळ्यांत भरेल त्या रंगाची लोकर घेतात आणि घरी आल्यावर तिचं काय करायचं ते शोधत बसतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी घरातला एक माणूस ठरवा. तो ते कधी घालणार आणि ते धुणार कोण, हेही ठरवा. एवढं पक्कं झालं की लोकर, सुया, नमुना, माप सगळं आपोआप ठरत जातं.

मी आमच्या घरच्यांसाठी विणते. लेकीचे स्वेटर, सासऱ्यांच्या कानटोप्या, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, भाचरांच्या बारशाची टोपडी. ज्यांनी अजून सुया हातातच घेतलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. माणूस आणि महिना ठरवा

पुण्यातली खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची, आणि तीही पहाटेची आणि रात्रीची. दुपारी बारा वाजता त्याच मुलाच्या अंगातला स्वेटर काढून दप्तरात कोंबलेला असतो. म्हणून आपल्याकडे डोक्यातून घालायच्या जाडजूड स्वेटरपेक्षा पुढून उघडणारा, बटणांचा किंवा बिनबाह्यांचा स्वेटर जास्त वापरात राहतो.

बाळासाठी विणताना सगळ्यांची गफलत होते ती महिन्यांची. बारशाची घाई असते, म्हणून नवजात बाळाच्या मापाचा सेट विणला जातो. पण बाळ मे महिन्यात झालं तर त्या सेटचा उपयोग काय? थंडी येईल तेव्हा ते सात महिन्यांचं असेल. बोटांवर महिने मोजा आणि डिसेंबरमध्ये बाळ जेवढं असेल त्या मापाचं विणा. उन्हाळ्यातल्या बारशाला काही हातचं द्यायचंच असेल, तर सुती धाग्याचं क्रोशाचं टोपडं किंवा पातळ दुपटं द्या.

पहिल्या संक्रांतीला काळं झबलं घालायचं असतं, त्यामुळे ‘काळा स्वेटरच विणू या’ असा आग्रह घरातून हमखास होतो. पहिलं काम म्हणून काळी लोकर घेऊ नका. रात्री दिव्याखाली काळे टाके दिसतच नाहीत आणि सुटलेला टाका दहा ओळी खाली गेल्यावर कळतो. हात बसला की पुढच्या वर्षी जरूर करा. नमुना मात्र साधा ठेवा, कारण बोरन्हाणाला त्यावर हलव्याचे दागिने चढणार असतात.

वेळेचं गणित असं धरा: गणपती उठले की लोकर आणायची, दसऱ्यापर्यंत पाठ आणि पुढचे भाग उरकायचे. दिवाळीच्या गडबडीत बाह्यांपलीकडे काही होत नाही, आणि शिवायला नोव्हेंबर हाताशी राहतो.

२. काय काय लागेल

- सुयांची एक जोडी, ८ नंबर (४ मिलिमीटर). बॉर्डरसाठी जमल्यास १० नंबर (३.२५ मिलिमीटर).
- साधी, गुळगुळीत, फिकट रंगाची लोकर. पहिल्या टोपड्याला ५० ग्रॅम पुरते.
- शिवणीसाठी बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची सुई. टोकदार सुई लोकरीचे पदर फोडते.
- क्रोशाची एक सुई, सुटलेले टाके उचलायला.
- शिंप्याकडचा असतो तसा मापाचा टेप, छोटी कात्री.
- वही आणि पेन्सिल. कितवी ओळ झाली ते लिहून ठेवण्यासाठी.

सुयांच्या नंबरांत एक सापळा आहे. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. अमेरिकी नंबर बरोबर उलटे. तिकडचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. इंटरनेटवरून नमुना घेतलात आणि त्यात नुसतं ‘८’ लिहिलेलं असेल, तर तो कुठला आहे ते बघितल्याशिवाय टाके घालू नका. मिलिमीटर बघायची सवय लावलीत की हा घोळ संपतो. क्रोशाच्या नमुन्यांतही असंच आहे: एकाच नावाचा टाका ब्रिटिश नमुन्यात एक असतो आणि अमेरिकी नमुन्यात दुसरा.

सुया लाकडी घ्या किंवा बांबूच्या. धातूच्या सुयांवरून नवशिक्यांचे टाके पटकन घसरतात. घरात रांगतं मूल असेल तर दोन सुट्या लांब सुयांपेक्षा मध्ये वायर असलेली गोल सुई बरी. तिच्यावरही सरळ आडव्या ओळी विणता येतात आणि एक सुई सोफ्याखाली, दुसरी बाळाच्या हातात असं होत नाही.

३. लोकर निवडा

आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण दुकानातला बराच माल ॲक्रिलिक असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण काय घेतोय ते माहीत हवं.

तान्ह्या बाळासाठी मी मऊ ॲक्रिलिकच सुचवीन. बाळ दूध काढतं, कपडे रोज धुवावे लागतात, आणि ते धुण्याचं काम बाळंतिणीवर किंवा घरी येणाऱ्या मावशींवर पडतं. मेंढीच्या लोकरीचे लाड करायला त्यांना वेळ नसतो. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली गेली की आटते, घट्ट होते आणि पुन्हा सैल होत नाही.

आजी-आजोबांसाठी विणत असाल तर मात्र अस्सल लोकरीला थोडे जास्त पैसे मोजा. ती ऊब जास्त देते. आणखी एक महत्त्वाचं कारण आहे. आजी पहाटे देवघरात समई लावते, गॅसपाशी उभी असते. ॲक्रिलिकला धग लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकच्या सैल, लोंबत्या बाह्या विणून देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

ओळखायचं कसं? वीतभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम. ती राठ असते, टोचते. बाळाच्या अंगाला नको. अंगोरासारखी केसाळ लोकरही बाळाला नको, तिचे केस नाकातोंडात जातात.

४. दुकानात जाताना

तुळशीबाग आणि तिच्याभोवतीच्या गल्ल्या, लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ, एवढ्या टापूत लोकर, सुया, बटणं, लेस सगळं मिळतं. मंडईला मेट्रोचं स्थानक झाल्यापासून गाडी लावायची काळजी उरलेली नाही. सकाळी अकराच्या सुमारास जा. पेठांतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी तुळशीबागेत उभं राहून रंग पारखता येत नाहीत.

रंग दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दारात येऊन बघा. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर असतो. एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची आणि एकदमच घ्या. लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो. गुंडे शेजारी ठेवले तर दिसत नाही, पण विणल्यावर पाठीवर सरळ पट्टा उमटतो. एखादा गुंडा जास्तच घ्या. न उघडलेला गुंडा बिलासह परत घ्याल का, हे आधीच विचारून ठेवा.

किती लागेल याचा ढोबळ अंदाज: सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर १०० ते १५० ग्रॅम, मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा ४०० ते ६०० ग्रॅम. ‘फोर प्लाय’ हा शब्द ऐकून जाडी ठरवू नका. प्लाय म्हणजे पीळ घातलेले पदर. चार बारीक पदरांची लोकर बारीकच असते. पट्टीवर कोणत्या मिलिमीटरची सुई सुचवली आहे ते बघा. ४ मिलिमीटर लिहिलेली लोकर सुरुवातीला सगळ्यांत सोयीची.

लोकर लडीत मिळाली तर तशीच विणायला घेऊ नका, गुंता होतो. घरातल्या एखाद्या मुलाला समोर बसवून त्याच्या दोन्ही हातांत लडी अडकवा आणि गुंडा करा. मुलांना हे काम मनापासून आवडतं. गुंडाळताना चार बोटं लोकरीखाली ठेवा आणि मधूनमधून काढून घ्या, म्हणजे गुंडा सैल राहतो. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणली जाते, आणि विणलेलं कापड पहिल्या धुण्यात आक्रसतं.

५. चार गोष्टी शिका

टाके घालणं, सुलट टाका, उलट टाका, टाके बंद करणं. एवढ्यावर अर्धं जग विणता येतं. वेणीचे, पानांचे, जाळीचे नमुने नंतर. व्हिडिओ भरपूर आहेत, पण घरात किंवा इमारतीत कुणी विणणाऱ्या आजी असतील तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्या तुमचा हात धरून लोकर किती ताणायची ते दाखवतात. हे व्हिडिओतून कळत नाही. लोकर उजव्या बोटावर घ्यायची की डाव्या, यावर वाद घालू नका. शिकवणारी जशी धरते तशी धरा.

६. मापाचा तुकडा

ही पायरी सगळे टाळतात आणि बहुतेक स्वेटर इथेच बिघडतात.

३० टाके घाला, एक ओळ सुलट एक ओळ उलट असं साधारण १२ सेंटिमीटर उंचीचं विणा, टाके बंद करा. तुकडा धुवा, पालथा हात फिरवून सपाट करा, वाळू द्या. मग टेप कडेला न लावता मधोमध ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा.

याने काय फरक पडतो बघा. सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४३ सेंटिमीटर. आत कपडे असणार, हालचाल हवी, म्हणून स्वेटर ४८ सेंटिमीटरचा धरू. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके दिले असतील तर ४८ ला १०६ टाके होतात. पण तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २५ टाके बसत असतील, तर तेच १०६ टाके ४२ सेंटिमीटरच भरतील. म्हणजे स्वेटर बाळाच्या छातीपेक्षाही लहान. महिनाभराचं काम वाया.

टाके जास्त बसत असतील तर जाड सुई घ्या (८ ऐवजी ७ नंबर, म्हणजे ४.५ मिलिमीटर), कमी बसत असतील तर बारीक. हात मुद्दाम सैल-घट्ट करायला जाऊ नका. चार ओळींनंतर तो मूळ पदावर येतो.

७. पहिली वस्तू: टोपडं

पुष्कळ जण पहिल्यांदा मफलर विणायला सांगतात. मी सांगत नाही. मफलर संपता संपत नाही, तेच तेच विणून कंटाळा येतो आणि माप, टाके कमी करणं, शिवण यातलं काहीच हाताखालून जात नाही. टोपड्यात हे सगळं आहे आणि ते आठवड्याभरात हातात येतं.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळासाठी, १० सेंटिमीटरला २२ टाके धरून:

अ) ८२ टाके घाला. बॉर्डर: पहिली ओळ २ सुलट, २ उलट अशी शेवटपर्यंत, शेवटी २ सुलट. दुसरी ओळ २ उलट, २ सुलट अशी, शेवटी २ उलट. या दोन ओळी ३ सेंटिमीटर होईपर्यंत.

आ) आता एक ओळ सुलट, एक ओळ उलट. सुरुवातीपासून एकूण ११ सेंटिमीटर होईपर्यंत विणा. उलट ओळीवर थांबा.

इ) टाके कमी करा: १ सुलट, मग (८ सुलट, २ टाके जोडून सुलट) असं ८ वेळा, शेवटी १ सुलट. ७४ टाके राहतील. पुढची ओळ पूर्ण उलट.

ई) पुढच्या सुलट ओळीत कंसातले ८ सुलटचे ७ करा, त्याच्या पुढच्या सुलट ओळीत ६, असं उतरत जा. मधली प्रत्येक ओळ उलट. दर वेळी ८ टाके कमी होतात: ६६, ५८, ५०, ४२, ३४, २६ आणि (१ सुलट, २ जोडून) केल्यावर १८.

उ) एक उलट ओळ विणून हातभर लोकर ठेवून कापा. ती सुईत ओवून १८ ही टाक्यांतून काढा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने मागची शिवण खालपर्यंत शिवा.

हेच टोपडं बाळाच्या आजोबांना कानटोपी म्हणून हवं असेल, तर त्यांच्या डोक्याचा घेर मोजून त्यातून ४-५ सेंटिमीटर वजा करा आणि टाके नव्याने काढा. बॉर्डर दुप्पट उंच विणून दुमडली की कान झाकतात. तळजाईला किंवा पर्वतीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.

८. बिघडलं तर

टाके वाढत चालले असतील तर ओळीची सुरुवात तपासा. लोकर सुईच्या वरून मागे गेली की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि तुम्ही दोनदा विणता. दर पाच-सहा ओळींनी टाके मोजा.

टाका सुटला तर घाबरून सुई ओढू नका. खाली जिन्यासारखे आडवे धागे दिसतील. सुलट बाजू आपल्याकडे ठेवून क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घाला, वरचा आडवा धागा त्यातून ओढून घ्या, मग त्याच्या वरचा. पायरी पायरीने वर आलात की टाका पुन्हा सुईवर.

कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, मूल उठलं, तरी हातातली ओळ संपवूनच उठा. अर्ध्या ओळीत ठेवलेलं विणकाम परत घेताना दिशा चुकते आणि मध्येच भोक पडतं. अगदीच उठावं लागलं तर टाके सुयांच्या टोकापासून मागे सारून ठेवा. घरातल्या कामांच्या मध्ये विणायचं असेल तर एकच साधी वस्तू हाताशी ठेवा. मोजदादीचा नमुना रात्री सगळे झोपल्यावर.

९. बाळाला घालण्याआधी

उलट करून आतून बघा. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत लोंबता धागा राहता कामा नये. तो बाळाच्या इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा बंद होतो, आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लक्षातही येत नाही. टोकं सुईने विणीत आडवी ओवून मगच कापा. बटणं पक्की शिवा आणि ओढून तपासा. गळ्याशी लांब नाडी किंवा रिबीन नको. टोपडं बाहेर जाताना घालायचं. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ठेवू नका, बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं.

१०. धुणं आणि ठेवणं

वस्तू कुणाला भेट देत असाल तर सोबत चिठ्ठी द्या: कशाची लोकर आहे, थंड पाणी, पिळायचं नाही, आडवं वाळवायचं. खऱ्या लोकरीला रिठ्याचं पाणी छान. धुतल्यावर जुन्या पंचात गुंडाळून दाबा, पाणी निघून जातं. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर लांबतो, म्हणून सावलीत चटईवर पसरा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. वीण निर्जीव होऊन लोळागोळा होते आणि काही केल्या परत येत नाही.

पावसाळ्यासाठी ठेवताना स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. कसर लागते ती घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी. वेखंडाच्या कांड्या किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला कपड्यांत घाला. बाळाच्या कपड्यांत नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या कधीही नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेही फुटतात, कावीळ वाढते. माळ्यावरून काढलेला जुना सेट गोळ्यांत ठेवलेला असेल, तर तो धुऊन चांगला हवेशीर वाळवल्याशिवाय बाळाला घालू नका.

११. जुना स्वेटर उसवायचा असेल तर

आजीने विणलेला, आता कुणाला न होणारा स्वेटर घरोघरी असतो. त्याची लोकर बहुतेक वेळा आजच्या लोकरीपेक्षा सरस निघते. आधी शिवणी बघा. हाताने विणलेल्या तुकड्याची कड अखंड असते. मशीनचं कापड कापून ओव्हरलॉक केलेलं असेल, तर उसवल्यावर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येईल. तो नाद सोडा.

हाताचा असेल तर शिवणी उलगडा, गळ्याकडून सुरुवात करा, कारण टाके तिथे बंद केलेले असतात. उसवता उसवता लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जा. चार ठिकाणी सैल दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि हलकेच दाबून सावलीत टांगा. कुरळेपणा जातो. पट्टी नसल्यामुळे जाडी कळणार नाही, तेव्हा मापाचा तुकडा इथे नव्याने विणावाच लागेल. घासलेल्या कोपरांची लोकर बाजूला काढा. ती तुटते. मोठ्यांच्या एका स्वेटरमध्ये लहान मुलाचा स्वेटर आणि टोपी आरामात बसते. कमी पडेल अशी शंका असेल तर बॉर्डर, गळा आणि बटणपट्टी पहिल्यापासूनच दुसऱ्या रंगाची ठरवा आणि तो रंग आणायला जाताना जुन्या लोकरीचा एक धागा सोबत न्या.